दुसऱ्याचा दवाखाना चार दिवस सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा: एमडी मेडिसिन झालं, सरकारी सेवेच्या बॉन्डचं वर्ष संपलं, घर कोथरूडला. स्वतःचं क्लिनिक थाटण्याआधी दोन-तीन वर्षं पुण्याच्या आसपासच्या गावांत लोकम, म्हणजे सुट्टीवर गेलेल्या डॉक्टरचा दवाखाना तेवढे दिवस सांभाळायचं काम, करायचं ठरवलंय. तीन ठिकाणी जाऊन आलात, काम नीट केलं असं तुम्हाला वाटतं, पण एकाही ठिकाणाहून पुन्हा फोन आला नाही. चुकतंय कुठे, आणि या कामात जम बसवायचा कसा?

मी फिजिशियन आहे. १९ वर्षं लोकम करते. नारायणगाव, मंचर, शिरूर, दौंड, इंदापूर, भोर, सासवड हा माझा पट्टा, अधूनमधून शहरातही. तुमच्या निदानात काही कमी असेल असं मला वाटत नाही. गडबड होते ती दोन जागी: दवाखाना ताब्यात घेताना आणि परत देताना. मधल्या दिवसांत आपण करतो ते रेसिडेन्सीत घोटलेलं असतं. ही दोन टोकं मात्र आपल्याला कुणी शिकवलेली नसतात. ज्या डॉक्टरनं वीस-पंचवीस वर्षं घालून एकेक घर जोडलंय, तो चार दिवसांसाठी ते सगळं आपल्या हाती सोपवतो. ती ठेव आहे. ठेव होती तशी परत मिळाली, वर तिचा हिशेबही मिळाला, की तो माणूस पुढच्या मे महिन्यात आपणहून फोन करतो.

सुरुवात पहिल्या फोनपासून होते. पलीकडून विचारतात, "चार दिवस येता का?" आणि आपण तारीख, पैसे विचारून हो म्हणतो. मी पैशांचं शेवटी विचारते. आधी विचारते ते हे: बेड किती, रात्री माझ्याशिवाय कोण असतं, आरएमओ (निवासी डॉक्टर) आहेत का आणि किती वर्षांचे? ईसीजी काढता येतो म्हणजे मशीन आहे की मशीन आणि कागद दोन्ही आहे? ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्तचाचणी), बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन), डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन)? लॅब किती वाजता बंद होते? रक्त कुठून आणावं लागतं? गावात भूलतज्ज्ञ आणि सर्जन कोण आहेत आणि रात्री फोन उचलतात का? या प्रश्नांनी डॉक्टरला राग येत नाही, उलट आलेला माणूस गंभीर आहे हे त्याला कळतं. राग आला तर तेही बरंच, कारण तिथे जाऊ नये.

काही कामांना मी पहिल्या फोनवरच नाही म्हणते. एका माणसानं ओपीडी, वीस बेड आणि वर आयसीयू बघायचा, असं असेल तर नाही. "सोनोग्राफीच्या कागदांवर तेवढी सही कराल ना" असं कुणी हळूच विचारलं तर ठाम नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यात सोनोग्राफी करणारा डॉक्टर त्या केंद्रावर नोंदलेला असावा लागतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंद होते. चार दिवसांच्या पाहुण्याला तिथे जागाच नाही. रेडिओलॉजीतले तुमचे मित्र लोकमला निघाले असतील तर त्यांनाही हे सांगा.

कागदपत्रांच्या झेरॉक्स देताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक कागदावर आडवं लिहायचं: "फक्त अमुक ते अमुक तारखेच्या लोकमसाठी", खाली सही. आपण निघून गेल्यावरही आपलं नाव कुठल्या तरी यादीत पूर्णवेळ फिजिशियन म्हणून राहिलंय, हा अनुभव मी एकदा घेतलाय. ते निस्तरायला दोन महिने गेले. एमडीची पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जादा अर्हता म्हणून नोंदवली आहे ना, हे आजच बघा. बॉन्डच्या धावपळीत पुष्कळांचं राहून जातं. दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला ३० क्रेडिट पॉइंट लागतात. आपल्याला कुठल्या एका हॉस्पिटलचा आधार नसतो, त्यामुळे तेही स्वतःच लक्षात ठेवून जमवावे लागतात. नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला स्वतःचा शिक्का जवळ ठेवा. मालकाच्या शिक्क्याला हात लावू नका आणि त्यांनी आधी सही करून ठेवलेल्या कोऱ्या लेटरहेडवर एक ओळही लिहू नका. प्रेमानंच ठेवलेले असतात ते कागद, तरी नको.

आता ताब्यात घेणं. मी ड्यूटीच्या वेळेआधी दोन तास पोचते. डॉक्टर असतील तर त्यांच्याबरोबर राउंड घेते आणि प्रत्येक बेडपाशी एकच विचारते: "या पेशंटच्या बाबतीत रात्री तुम्हाला कशाची भीती वाटते?" फाइलमध्ये निदान असतं, भीती नसते. "याचा मुलगा मुंबईहून येतोय, तो भांडतो", "या आजी सांगत नाहीत पण गोळ्या थुंकतात", "याची लघवी कालपासून कमी आहे, क्रिएटिनिन पाठवलंय, रिपोर्ट आलेला नाही". हे तोंडीच मिळतं. डॉक्टर आधीच निघून गेले असतील तर फोनवर घ्यायचं, पण घ्यायचंच.

मग सिस्टरांना घेऊन इमर्जन्सी ट्रॉली. लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना लागणारं दिव्याचं अवजार, उघडून बल्ब लागतो का बघायचा. हातानं श्वास द्यायची अँबू बॅग दाबून बघायची, मास्क तिला बसतो का बघायचं. सक्शन चालू करून पाण्याचा ग्लास ओढून बघायचा. ॲड्रेनलिनची एक्सपायरी. ग्लुकोमीटर आणि त्याच मीटरच्या स्ट्रिप्स. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा काटा, आणि सिलिंडरची चावी. या चावीपाशी मला थांबायचंय. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका तालुक्याच्या गावी पहाटे तीनला दम्याची बाई आली. चालू सिलिंडर संपला, शेजारी भरलेला उभा होता, आणि चावी ज्या वॉर्डबॉयच्या खिशात होती तो घरी गेला होता. पाच-सहा मिनिटांत शेजारच्या दवाखान्यातून चावी आली, बाई वाचल्या. ती मिनिटं मी विसरलेले नाही. त्या दवाखान्याला मी दोष देत नाही. संध्याकाळी पाचला विचारायचं काम माझं होतं आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून एक चावी माझ्या बॅगेत असते. तिच्या शेजारी माझा स्वतःचा लॅरिंगोस्कोप, नळी आत सरकवायला मदत करणाऱ्या दोन बूजी, पल्स ऑक्सिमीटर आणि जादा सेल.

ट्रॉली बघताना सिस्टरांची परीक्षा घेतोय असं वाटता कामा नये. "मला इथलं काही माहीत नाही, रात्री तुम्हाला हाका मारत बसायला नको म्हणून दाखवून ठेवा," असं म्हटलं की त्याच उत्साहानं दाखवतात. दवाखाना खरा चालवतात त्या सिस्टर, मावशी आणि वीस वर्षांचे जुने कंपाउंडर. कंपाउंडरमामांना मी पहिल्याच दिवशी विचारते, "डॉक्टर चहा किती वाजता घेतात? पेशंट आत सोडायची पद्धत काय?" आणि तीच पद्धत ठेवते. आपल्याला अपॉइंटमेंट बरी वाटते म्हणून तिथे चार दिवसांत ती पद्धत सुरू करू नये. आरएमओ बहुधा बीएएमएस असतात. त्यांना तुच्छतेनं वागवणारे शहरी एमडी मी पाहिलेत, आणि त्यांना रात्री कोणी वेळेवर उठवत नाही हेही पाहिलंय.

तालुक्याच्या ठिकाणी एक वेगळं कपाट बघावं लागतं, जे ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आपल्यासाठी कुणीतरी बघून ठेवलेलं होतं. सर्पदंशाची लस किती व्हायल्स आहे? विषबाधेची लक्षणं असतील तर १० नी सुरुवात होते. कपाटात चारच असतील तर ते संध्याकाळीच कळायला हवं. कोरडी, स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब आहे का? २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला काचच लागते, प्लास्टिक चालत नाही. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय की नाही हे त्या एका नळीवर ठरतं आणि कुठल्याही लॅबशिवाय ठरतं. मण्यार तर फसवते. ऊसतोडीच्या कोपीत किंवा शेतघरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, अंगावर खूण दिसत नाही, आणि आपण ॲसिडिटीचं पँटोप्राझोल देऊन बसवून ठेवतो. पापण्या जड होताहेत का, मान उचलता येते का, हे बघा. पापण्या उतरलेल्या असतील तर लस सुरू करायची, श्वास कधीही थांबू शकतो हे धरूनच पुढचं सगळं करायचं आणि वाटेत अँबू मारणारा माणूस बरोबर द्यायचा.

ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमच्या दहा अँप्यूल दिसल्या म्हणजे साठा आहे असं समजू नका. कीटकनाशक प्यायलेला एक माणूस तेवढ्या बघता बघता संपवतो, कारण छाती मोकळी होईपर्यंत दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं असतं. शेजारच्या मेडिकलवाल्याचा घरचा नंबर त्यासाठी हवा. भोर, वेल्हे किंवा घाटाखाली गेलात तर विंचू. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. आज ती साधी गोळी आहे, पण रात्री दोनला ती कपाटात असावी लागते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याच्या जखमा येतात. टाके घालायची घाई करू नका. साबण-पाण्यानं भरपूर धुवा, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरा, रेबीजची लस सुरू करा आणि वन खात्याला कळवायला सांगा. भरपाईच्या अर्जाला आपला कागद लागतो, तो नीट लिहा.

गावाची बातमी ठेवणं हा या कामाचा भागच आहे. राज्यातला पहिला झिका पेशंट जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात हातपाय गळतात) पेशंट येऊ लागले, तेव्हा मी जवळच ड्यूटीला होते. "जुलाब झाले होते, आता जिना चढवत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला अशक्तपणाची गोळी देऊन पाठवणं त्या पंधरवड्यात फार सोपं होतं. तिथल्या सिस्टरांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "मॅडम, पाय गळाले म्हणाला की सोडू नका." त्या भागात राहणाऱ्या बाईला मी यायच्या आधी माहीत होतं. आषाढी वारीच्या दिवसांत सासवड, जेजुरी, यवत, इंदापूर इथे गेलात तर पायाच्या फोडांपेक्षा जास्त काळजी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी चालणाऱ्या माळकरी मंडळींची करा.

हार्ट अटॅकविषयी वेगळं लिहायला हवं, कारण शहरातून आलेला डॉक्टर इथेच चुकतो. आपल्याला अँजिओप्लास्टीची सवय असते. ईसीजीवर एसटी एलिव्हेशन, म्हणजे मोठ्या अटॅकची खूण, दिसलं की हात आपोआप "पुण्याला हलवा" लिहितो. मंचरहून नकाशावर पुणे ६० किलोमीटर दिसतं, पण मध्ये चाकण आहे. संध्याकाळी सातला चाकणच्या चौकात ॲम्ब्युलन्ससुद्धा उभीच राहते. म्हणून अंतर मिनिटांत मोजा. पहिल्यांदा पेशंट हाताखाली आल्यापासून १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टीचा फुगा फुगणार नसेल, आणि औषध चालणार नाही असं काही कारण नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच, अर्ध्या तासाच्या आत द्यायचं आणि मग हलवायचं. नातेवाईक म्हणतात, "इथे काही करू नका, पुण्यालाच नेतो." त्यांना खुर्चीत बसवून दोन मिनिटं सांगा की वाटेत दीड तास जातो आणि तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरतो. बहुतेक लोक ऐकतात. पुण्यात ज्या कार्डिओलॉजिस्टकडे पाठवताय त्याला व्हॉट्सॲपवर ईसीजी पाठवून फोनवर बोला आणि ते बोलणं फाइलमध्ये वेळेसकट लिहा.

आणि ज्याच्याकडे पाठवलं त्याचं पाकीट आलं तर परत करा. लॅबवाला, स्कॅनवाला, मोठ्या हॉस्पिटलचा पीआरओ, नवा डॉक्टर आलाय म्हटल्यावर तिघंही भेटायला येतात. असं कमिशन घेणं नियमानं गैरवर्तन आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्याहून मला बोचतं ते हे, की ज्याचे पेशंट आहेत तो गावाला गेलेला असताना आपण त्याच्या दारात उभं राहून त्याच्या माणसांचा सौदा करतो.

आता रोजची ओपीडी. तुम्हाला पुन्हा न बोलावण्याचं कारण बहुधा इथेच सापडेल. पेशंट आत येतो, खुर्चीत अनोळखी माणूस बघतो आणि विचारतो, "मोठे डॉक्टर कुठे गेले?" मी सांगते, "गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर त्यांनी मला बसवलंय. तुमची फाइल मी वाचलीय." एवढं पुरतं. मग पेशंट जुनी चिठ्ठी काढतो. बारा वर्षं ॲटेनोलॉल चालू आहे, ब्लडप्रेशर १३२/८४ आहे. आपल्या मनात गाइडलाइन्स जाग्या होतात आणि आपण गोळी बदलतो. बदलू नका. धोका नसलेली जुनी गोळी चार दिवसांच्या पाहुण्यानं बदलली की पेशंटच्या मनात दोन शंका राहतात: आधीचे डॉक्टर चुकत होते का, किंवा हा चुकतोय का. दोन्ही शंका मालकाला महिनाभर निस्तराव्या लागतात. चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवू नका. "हे कुणी दिलं?" हा तीन शब्दांचा प्रश्न दहा वर्षांचा विश्वास उसवतो.

धोका असेल तेव्हा मात्र संकोच नको. एका गावी ७४ वर्षांच्या आजी सकाळी असंबद्ध बोलताहेत म्हणून आणल्या; साखर ३८. कित्येक वर्षं मधुमेहाची ग्लायबेनक्लामाइड ही गोळी, आणि नुकतंच क्रिएटिनिन वाढलेलं. २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर आजी उठून बसल्या, मुलगा म्हणाला घरी नेतो. या गोळीनं साखर पुन्हा पुन्हा खाली जाते, म्हणून मी हट्टानं पूर्ण दिवसरात्र ठेवून घेतलं. रात्री दोनदा पुन्हा घसरली. गोळी बंद केली. पण बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन केला, "मूत्रपिंडाचा रिपोर्ट नवीन आहे, म्हणून ही थांबवतेय" असं सांगितलं, आणि घरच्यांनाही तेच सांगितलं: रिपोर्ट बदलला म्हणून गोळी बदलली. ते खरंही होतं. डॉक्टरांचा मान राहिला, आजींचा जीव राहिला, आणि त्या डॉक्टरांनी मला नंतर सात वेळा बोलावलं.

"सलाईन लावा, बरं वाटतं" हा आग्रह तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. इथे माझं मत थोडं मवाळ आहे. गरज नसताना मी लावत नाही, पण भाषणही देत नाही. पाच मिनिटं जास्त तपासते, नाडी धरते, ओआरएस समोर बसवून पाजते. शेतावर दिवसभर राबलेल्या बाईला कुणीतरी लक्ष द्यावं एवढंच पुष्कळदा हवं असतं. दुसरा प्रकार मात्र सावध राहण्याचा आहे. नवा डॉक्टर बघून काही जण येतात: "नेहमीचे डॉक्टर ही झोपेची गोळी तीस देतात," किंवा "ते गुडघ्याचं इंजेक्शन". अल्प्राझोलम, ट्रामाडॉल या शेड्यूल एच-१ मधल्या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या गोष्टी आहेत. फाइल बघा, कंपाउंडरमामांकडे बघा, त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर असतं. खरंच चालू असेल तर डॉक्टर येईपर्यंत पुरेल एवढीच लिहून द्या. एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, झटके येऊ शकतात.

दाखल्यांबद्दल मी कठोर आहे. रांजणगाव, चाकणच्या कंपन्यांतले कामगार मागच्या तारखेचं सिक सर्टिफिकेट मागतात. मी आज तपासलं असेल तर आजची तारीख आणि "पेशंटच्या सांगण्यानुसार तीन दिवसांपासून त्रास" एवढंच लिहिते. मृत्यूचा दाखला तर त्याहून नाजूक. रात्री अकराला गावातले प्रतिष्ठित लोक येतात, घरी आजोबा वारलेत, "डॉक्टर असते तर दिला असता" म्हणतात, आणि सगळे खरंच शोकात असतात. ज्याला आपण जिवंतपणी कधी तपासलं नाही त्याच्या मृत्यूचं कारण आपण लिहू शकत नाही. मी घरी जाते, मृत्यू झाल्याची खात्री करते, अंगावर काही खूण आहे का बघते, डॉक्टरांना फोन लावून त्यांचा उपचार कधीपासून कधीपर्यंत चालू होता ते विचारते. त्यांनीच नियमित उपचार केले असतील तर कारणाचा दाखला द्यायचा की नाही हे तेच ठरवतील आणि त्यांच्या सहीनं देतील. शंका असेल, किंवा उपचार करणारा कुणीच नसेल, तर पोलिसांना कळवायचं. रागावतात. पाणी विचारायचं, उभं राहायचं, पण सही करायची नाही.

रागाचा विषय निघालाच आहे. अनोळखी डॉक्टरच्या हातून पेशंट गेला तर लोक जास्त भडकतात, कारण मालकाबद्दल जी वीस वर्षांची माया असते ती आपल्या वाट्याला आलेली नसते. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टरवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तो कायदा दुसऱ्या दिवशी कामाला येतो, त्या रात्री नाही. त्या रात्री कामाला येतं ते आधी बोललेलं. पेशंट गंभीर आहे असं वाटल्याबरोबर विचारा, "घरात निर्णय कोण घेतं?" त्या माणसाला बाजूला घेऊन, बाकावर शेजारी बसून, साध्या मराठीत सांगा. दर तासाला सांगा, काही बदललं नसलं तरी सांगा. आणि मालकाला फोन करून त्यांच्याच आवाजात नातेवाइकांशी दोन वाक्यं बोलायला लावा. गावातल्या एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांना बोलावून घ्या. यात कमीपणा काही नाही. स्त्री डॉक्टर असाल तर राहण्याची खोली आतून बंद होते का, हे जाण्याआधी विचारा आणि पोचल्यावर स्वतः कडी लावून बघा.

इन्शुरन्स खंडू देऊ नका. डॉक्टरांची इंडेम्निटी पॉलिसी साधारणपणे दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते, आणि ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. लोकम सोडून नोकरी धरली तरी पॉलिसी चालू ठेवा. रेकॉर्ड दवाखान्याकडे राहतं, म्हणून एका वहीत तारीख, दाखल पेशंटचा (आयपीडी) नंबर आणि आपण घेतलेला निर्णय टिपून ठेवा. पेशंटचं नाव लिहू नका.

पैशांचं थोडक्यात. २४ तासांच्या दिवसाचा दर ठरवा, ओपीडीतली टक्केवारी नको, कारण टक्केवारीनं हात नकळत दाखल करण्याकडे झुकतो. तारखा, वेळ, काम आणि रक्कम एका मेसेजमध्ये लिहून समोरून "ठीक आहे" घ्या. पैसे बँकेतून घ्या. टीडीएस १० टक्के कापला जातो, तो खरंच भरलाय का हे आयकर खात्याच्या पोर्टलवर बघा. डॉक्टरांना निम्मी जमा हे उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे, तुमच्या पातळीवर तीच सोपी. तेव्हा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. मधूनमधून रिकामे आठवडे जातात, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

आणि झोप. माझ्या पाचव्या वर्षी ३६ तासांची ड्यूटी करून दुपारी शिरूरहून निघाले, शिक्रापूरच्या अलीकडे डोळा लागला, गाडीचं चाक रस्त्याखाली उतरलं तेव्हा जाग आली. समोर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून रात्रपाळी झाली की तिथेच तीन तास झोपल्याशिवाय मी स्टिअरिंग धरत नाही. दौंडला रेल्वेनं जाते, नारायणगावला जमेल तेव्हा वाकडेवाडीहून एसटीनं. हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, म्हणजे ते वाट बघत ताटकळत नाहीत.

आता परत देणं. सोमवारी डॉक्टर येतात, आपली बॅग भरलेली असते, पुण्याला जायची घाई असते, आणि "सगळं ठीक आहे सर" म्हणून आपण निघतो. तुम्हीही असंच निघाला असाल, असा माझा अंदाज आहे. मी शेवटच्या रात्री दोन पानं लिहून ठेवते. ॲडमिट असलेला प्रत्येक पेशंट, काय बदललं आणि का, कुठले रिपोर्ट यायचे आहेत. कुणाला हलवलं, कुठे, आणि आज त्यांची तब्येत कशी आहे. त्यासाठी मी आदल्या दिवशी त्या हॉस्पिटलला फोन केलेला असतो. पोलिसांना कळवलेल्या केसेस. ट्रॉलीतलं काय वापरलं आणि काय मागवायला हवं. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, मी लोकांना दिलेले शब्द: "पाटील वस्तीवरच्या काकांना बुधवारी रिपोर्ट दाखवायला बोलावलंय", "बेड चारच्या मुलीला सांगितलंय की सर तिच्या परीक्षेचं पत्र देतील". आणि कोण नाराज होऊन गेलं तेही, लपवून न ठेवता. बाजारात ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी डॉक्टरांना माझ्याकडून कळलेलं बरं. ही पानं घेऊन आम्ही एक राउंड घेतो, पेशंटसमोर मी म्हणते, "सर आले, आता मी निघते," आणि पेशंट पुन्हा त्यांच्याकडे बघू लागतो. आठवड्यानं एक फोन करून त्या दोन-तीन गंभीर पेशंटची चौकशी करते.

कुणाही पेशंटला आपला मोबाइल नंबर देऊ नका. मागतात, प्रेमानं मागतात, "मॅडम, तुमच्याच गोळीनं गुण आला" म्हणतात. मी त्यांना म्हणते, "सरांना सांगा, ते मला विचारतील." पुढे क्लिनिक काढायचं मनात आहे; ते जिथे लोकम केलं त्या गावात काढायचं असेल तर जागा बघायच्या आधी त्या डॉक्टरांच्या घरी जाऊन सांगा. असं दाराशी जाऊन सांगायचं धैर्य दाखवलेला माझा एक ज्युनिअर आज मंचरजवळ आपला दवाखाना चालवतो. त्याचे जुने मालक स्वतः सुट्टीवर गेले की आपले पेशंट त्याच्याकडेच पाठवतात.

तुम्ही ज्या तीन ठिकाणी जाऊन आलात, तिथल्या डॉक्टरांना या रविवारी फोन करा. काम मागू नका. तुम्ही बघितलेल्या एकेका पेशंटचं पुढे काय झालं, ते विचारा.